कॅन की बाटली: बिअरच्या चवीची घरगुती परीक्षा

बाटलीतली बिअर चांगली लागते आणि कॅनमधल्या बिअरला धातूची चव येते, हे मत इतक्या ठामपणे मांडले जाते की ते तपासून पाहण्याची गरज फारशी कोणाला वाटत नाही. वास्तविक बिअरच्या कॅनला आतून पातळ अस्तर दिलेले असते, त्यामुळे बिअरचा आणि ॲल्युमिनियमचा थेट संपर्क येत नाही. कॅन तोंडाला लावला की ओठांना आणि नाकाला धातू जाणवतो, आणि तो दोष आपण बिअरच्या माथी मारतो. म्हणून परीक्षा घ्यायची असेल, तर पहिली अट अशी की दोन्ही बिअर पेल्यात ओतूनच प्याव्यात.

बिअर शॉपीतून एकाच ब्रँडची, एकाच प्रकारची ६५० मिलीची बाटली आणि ५०० मिलीचा कॅन आणावा. येथे खरी अडचण तारखेची आहे. बाटलीच्या लेबलावरची आणि कॅनच्या बुडावरची उत्पादनाची तारीख शक्य तितकी जवळची असावी आणि कारखानाही एकच असावा, कारण एकाच नावाची बिअर निरनिराळ्या ठिकाणी तयार होते. चार महिने जुनी बाटली आणि पंधरा दिवसांपूर्वीचा कॅन यांची तुलना केल्यास उत्तर बिअरच्या वयाविषयी मिळेल, पात्राविषयी नाही. कॅन बाटलीपेक्षा लवकर थंड होतो. तेव्हा दोन्ही रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून तापमान सारखे करून घ्यावे.

चव पाहण्यासाठी सहा जण जमवावेत. प्रत्येकापुढे एकसारखे तीन पेले ठेवावेत आणि प्रत्येकात सुमारे ५० मिली बिअर असावी: दोन पेल्यांत एक, तिसऱ्यात दुसरी. तिघांना कॅनचे दोन पेले द्यावेत आणि उरलेल्या तिघांना बाटलीचे दोन, म्हणजे एक बाटली व एक कॅन सर्वांना पुरून उरतात. ओतणारी व्यक्ती वेगळ्या खोलीत असावी, तिने पेल्यांच्या बुडाला खुणा कराव्यात आणि फेस बसल्यावरच ते बाहेर पाठवावेत, कारण फेसाच्या फरकावरून हुशार माणूस लगेच ओळखतो. ‘कोणती आवडली’ असे विचारू नये. ‘तीन पेल्यांपैकी वेगळा कोणता’ एवढेच विचारावे. निव्वळ अंदाजाने सरासरी तीन माणसांत एकाचे उत्तर बरोबर येतेच, त्यामुळे सहापैकी चार जणांनी ओळखले तरी तो योगायोग असू शकतो. पाच जणांनी ओळखले, तर मात्र फरक खरा मानायला हरकत नाही. एडिनबरोमध्ये झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पात्र दिसत असताना लोकांनी बाटलीतल्या बिअरला अधिक गुण दिले, परंतु पात्र लपवल्यावर तो फरक उरला नाही. घरीही बहुधा तसेच घडेल.

याचा अर्थ पात्राला महत्त्व नाही असा नव्हे. ते बिअर किती काळ टिकते यात दिसते. बाटलीच्या पत्र्याच्या झाकणाखालील अस्तरातून ऑक्सिजन अगदी सावकाश आत शिरतो आणि काही महिन्यांत बिअरला ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येऊ लागते, तर कॅनच्या झाकणाची शिवण जवळजवळ हवाबंद असते. प्रकाश याहून वेगाने काम करतो. बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्स या फुलांमधील कडू घटकांवर निळा व अतिनील प्रकाश पडला की गंधकयुक्त संयुग तयार होते, आणि त्याचा उग्र, कुबट वास अत्यल्प प्रमाणातही नाकाला कळतो. तपकिरी काच हा प्रकाश बराचसा अडवते, हिरवी फारच थोडा आणि पारदर्शक जवळपास नाहीच. कॅनमध्ये तो शिरतच नाही. म्हणून दुकानाच्या काचेच्या फ्रिजमध्ये ट्यूबलाइटसमोर मांडलेली हिरवी बाटली टाळून मागच्या ओळीतली किंवा खोक्यातली मागावी. दुकानदार कुरकुरला तरी चालेल. तपकिरी बाटली ताजी असेल, तर तिच्यात आणि कॅनमध्ये निवड करताना खिसा आणि सोय पाहावी. प्रवासात किंवा महिनाभर ठेवण्यासाठी मी कॅनच घेईन.

प्रकाशाचा परिणाम स्वतः अनुभवायचा असल्यास, उरलेली बिअर दोन काचेच्या पेल्यांत ओतून एक पेला ॲल्युमिनियम फॉइलने पूर्ण गुंडाळावा आणि दोन्ही थेट उन्हात पंधरा मिनिटे शेजारी-शेजारी ठेवावेत, म्हणजे उष्णता दोघांना साधारण सारखी लागेल. नंतर आळीपाळीने वास घ्यावा. बहुतेक बिअरमध्ये फरक लगेच कळतो. कळलाच नाही, तर ती बिअर प्रकाशात न बिघडणारा, प्रक्रिया केलेला हॉप्सचा अर्क वापरून केलेली असण्याची शक्यता आहे. काही कंपन्या पारदर्शक बाटलीत बिअर निर्धास्तपणे विकू शकतात, त्या याच अर्काच्या बळावर.