मुळावरची गाठ कोणत्या निमॅटोडची? ओळखायची कशी?

मुळांवर गाठी दिसल्या की बहुतेक जण थेट औषधाच्या दुकानात जातात. गाठीवरून एवढंच कळतं की हा मेलॉयडोगायनी गटातला सूत्रकृमी, म्हणजे मुळात शिरणारा बारीक जंत (निमॅटोड) आहे. कोणती प्रजाती, हे कळत नाही. आणि फेरपालटीचं सगळं गणित तर त्या प्रजातीवरच असतं: इनकॉग्निटा प्रजातीच्या रानात मिरची लावली तर कीड वाढते, जव्हानिका प्रजातीच्या रानात तीच मिरची सहसा सुटका करते.

आधी गाठ खरी आहे का ते बघा. हरभरा, भुईमूग, तुरीच्या मुळांवर नत्राच्या गाठी असतातच. त्या मुळाच्या कडेला चिकटलेल्या असतात, नखाने सहज सुटतात आणि फोडल्यावर आत गुलाबी दिसतात. निमॅटोडची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं. ओढली तर मूळ तुटेल, गाठ सुटणार नाही. ती ब्लेडने चिरून दहापट भिंगाखाली धरा. आत टाचणीच्या टोकाएवढा, मोत्यासारखा पांढरा ठिपका दिसला तर ती मादी. तिची अंडी मुळाच्या बाहेर चिकट, तपकिरी थेंबात असतात, एका थेंबात साधारण 200 ते 500. प्रयोगशाळेत हे थेंब मोजायला लिटरभर पाण्यात 0.15 ग्रॅम फ्लॉक्सिन बी हा रंग घालून मुळं 15–20 मिनिटं बुडवतात; थेंब लालभडक होतात.

नमुना घेताना बहुतेकांची चूक इथेच होते: पूर्ण वाळलेलं झाड उपटून आणतात. कुजलेल्या मुळात जिवंत मादी मिळत नाही. दुपारी माना टाकणारी, पिवळी पडू लागलेली झाडं निवडा. उपटू नका, खणा. पांढरी मुळी तुटून मातीतच राहते आणि गाठी तिच्यावरच असतात. भाजीपाल्यात 15–20 सेंटिमीटर खोल, डाळिंबात ड्रीपरखालची 15–30 सेंटिमीटरची माती घ्या. आठ-दहा ठिकाणची माती एकत्र करून अर्धा किलो आणि मूठभर मुळं प्लास्टिकच्या पिशवीत बांधा. माती वाळवू नका, पिशवी उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका. कृमी मेले की तपासणी वाया.

प्रयोगशाळेत मादीचा मागचा भाग 45 टक्के लॅक्टिक आम्लात कापून कातडीवरची रेघांची नक्षी सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. इनकॉग्निटाची कमान उंच, चौकोनी असते. जव्हानिकाच्या दोन्ही बाजूंना स्वच्छ रेघ असते, ती वरचा आणि खालचा भाग वेगळा करते. अरेनारियाची कमान बुटकी, तर हॅप्लाच्या शेपटाजवळ सुईने टोचल्यासारखे बारीक ठिपके दिसतात. एक-दोन माद्यांवर निकाल देऊ नये, किमान 20 बघाव्यात. एकाच मुळात दोन प्रजाती असणं नवलाचं नाही.

शेतावर करण्यासारखी चाचणी कुंड्यांची. शंकास्पद मातीत गाठीची मुळं बारीक चिरून मिसळा आणि टोमॅटो, ढोबळी मिरची, कलिंगड, भुईमूग, कपाशी वेगवेगळ्या कुंड्यांत लावा, प्रत्येकाच्या चार. 50–55 दिवसांनी मुळं हलक्या हाताने धुऊन गाठी मोजा. सरासरी 10 पर्यंत गाठी असतील तर ते पीक त्या कृमीचं खाद्य नाही असं धरतात. टोमॅटोवरही गाठी नसतील तर चाचणी फसली, पुन्हा करा. निमॅटोड-प्रतिकारक टोमॅटो चुकूनही घेऊ नका.

मिरची आणि कलिंगडावर गाठी, भुईमुगावर नाहीत: इनकॉग्निटा. कपाशीही धरली तर त्याचा 3 किंवा 4 नंबरचा वंश (प्रजातीतला पोटप्रकार). भुईमूग आणि कलिंगड दोन्ही धरलं तर अरेनारियाचा पहिला वंश. भुईमूग धरला पण कलिंगड सुटलं तर हॅप्ला. हा थंड डोंगराळ भागातला, गाठी लहान आणि त्यांतून बारीक मुळ्यांचा झुपका फुटलेला. मिरची, भुईमूग, कपाशी तिन्ही स्वच्छ असतील तर बहुधा जव्हानिका, पण अरेनारियाचा दुसरा वंशही अगदी असाच वागतो, म्हणून नक्षी बघावीच लागते. शिवाय गुजरातेत भुईमुगावर जव्हानिकाही सापडला आहे, तेव्हा कुंड्यांवर डोळे मिटून विसंबू नये.

भाताचं वेगळं आहे. तिथे ग्रॅमिनीकोला ही प्रजाती असते आणि मुळाचं टोक गळासारखं वाकून फुगतं. अंडीही मुळाच्या आतच राहतात, म्हणून बाहेर थेंब शोधत बसू नका.

पेरूवर मात्र मोठ्या, ओबडधोबड गाठी दिसल्या तर एंटरोलोबी या प्रजातीचा संशय घ्या. 2016 मध्ये तमिळनाडूतल्या पेरूवर त्याची नोंद झाली. कुंड्यांच्या चाचणीत तो इनकॉग्निटासारखा वागतो, नक्षीही फसवते. डीएनए तपासणीशिवाय खात्री नाही. टोमॅटोतल्या ज्या ‘एमआय’ जनुकावर प्रतिकारक वाण उभे आहेत, तो याच्यापुढे चालत नाही. (मातीचं तापमान 28 अंशांवर गेलं की इतर प्रजातींपुढेही तो ढिला पडतो.)

प्रजाती कळून योग्य पीक लावलं तरी वाफ्यात घोळ, माठ, कांगणी वाढू दिलीत तर कृमी त्यांच्यावर आरामात जगतो. आणि रोपवाटिकेतून डाळिंब-पेरूची रोपं आणताना दर लॉटमधल्या चार-पाच पिशव्या फाडून, मुळं बादलीत धुऊन बघा. विक्रेत्याने नाही म्हटलं तर रोपं घेऊ नका.