अमेरिकन कन्झर्व्हेटिझम शिकायचाय? आधी त्यांची भांडणं वाचा

"अमेरिकन कन्झर्व्हेटिझमवर काम करायचंय, सुरुवात कुठून करू" असे मेसेज हल्ली बरेच येतात, बहुतेक भारतात एमए करून इकडे अमेरिकेत पीएचडीला आलेल्या किंवा यायच्या तयारीत असलेल्या पोरापोरींचे, म्हणून एकदाच लिहून टाकतो. (कन्झर्व्हेटिझम म्हणजे इथल्या उजव्यांचं राजकारण आणि विचार.) माझं उत्तर ठरलेलं आहे. तत्त्वज्ञानाचे जाडे ग्रंथ नंतर, आधी या लोकांची आपापसातली भांडणं वाचा.

आपल्याला सवय असते व्याख्या लिहा, वैशिष्ट्ये लिहा, मूल्यमापन करा, झाले मार्क. इथे ते चालत नाही कारण ही एक विचारसरणी नाहीच, ही बांधलेली मोट आहे. परंपरा-धर्मवाले, मुक्त बाजारवाले आणि कम्युनिझमचे हाडवैरी (यातले कितीतरी आधी स्वतःच पक्के कम्युनिस्ट) अशा तीन तऱ्हांच्या लोकांना विल्यम बकलीने १९५५ मध्ये 'नॅशनल रिव्ह्यू' काढून एका मासिकात बसवलं, आणि पहिल्या दिवसापासून तुझं माझं जमेना तुझ्यावाचून करमेना.

कर्क आणि मेयरचं भांडण जरा नीट बघा. रसेल कर्क मिशिगनमधल्या मेकॉस्टा नावाच्या खेड्यात राहायचा, भुताच्या गोष्टी लिहायचा, मोटारगाडीचा मनापासून तिटकारा. १९५३ च्या त्याच्या 'द कन्झर्व्हेटिव्ह माइंड'ने अमेरिकन परंपरावाद्यांना अठराव्या शतकातल्या ब्रिटिश विचारवंत-खासदार एडमंड बर्कपासूनचा वंशवृक्ष मिळवून दिला. फ्रँक मेयर न्यूयॉर्क राज्यातल्या वुडस्टॉकला, जुना कम्युनिस्ट कार्यकर्ता, दिवसा झोपणार आणि रात्री-बेरात्री लोकांना फोन करून वाद घालणार. याने १९५५ मध्येच लेख लिहून कर्कच्या विचाराला नव्याने बारसं केलेला समूहवाद ठरवलं. कर्क इतका बिनसला की मासिकात पुढे कित्येक वर्षं सदर लिहिलं पण संपादकांच्या यादीत स्वतःचं नाव काही छापू दिलं नाही. आणि गंमत म्हणजे सगळ्यांना जोडणारा सिद्धांत, ज्याला फ्यूजनिझम म्हणतात, तो मांडला याच भांडकुदळ मेयरने. म्हणणं असं की सद्गुण हेच माणसाचं ध्येय, पण सरकारने दंडुका दाखवून करायला लावलेलं चांगलं वागणं म्हणजे सद्गुण नव्हे, तो स्वतः निवडावा लागतो. यावर ब्रेंट बोझेल, म्हणजे बकलीचा मेहुणा आणि उजव्यांचा लाडका सेनेटर बॅरी गोल्डवॉटरच्या १९६० च्या गाजलेल्या पुस्तकाचा पडद्यामागचा लेखक, १९६२ मध्ये तुटून पडला, की स्वातंत्र्य स्वातंत्र्य करत बसाल तर सद्गुणाचं काय होणार. हे दोन-तीन लेख नीट वाचले की पुढच्या साठ वर्षांतले निम्मे वाद आधीच ऐकल्यासारखे वाटतात. मुक्त बाजाराचा पुरस्कर्ता अर्थतज्ज्ञ हायेकने तर १९६० मध्ये आपण कन्झर्व्हेटिव्ह का नाही यावर पुस्तकाला वेगळी पुरवणीच जोडली, तरी बाजारवाले त्याला आपला गुरू मानत राहिले.

बर्कचा विषय निघालाच आहे तर एक फुकटचा सल्ला. इथल्या सेमिनारमध्ये बर्क म्हणजे फ्रेंच राज्यक्रांतीवरची टीका, बास. त्याने लावून धरलेला वॉरन हेस्टिंग्जवरचा महाभियोग (१७८८ ला खटला सुरू, १७९५ ला हेस्टिंग्ज निर्दोष) कुणी काढतच नाही. सालबाईच्या तहाच्या वेळचा गव्हर्नर जनरल तोच, आपण शाळेपासून त्याचं नाव ऐकतोय, तेव्हा ही बाजू तुम्ही मांडा, तिथे तुमच्याकडे खरंच काहीतरी जास्तीचं आहे.

दुसरं भांडण १९८१ चं. रेगन आले, मानव्यविद्यांना सरकारी निधी देणाऱ्या संस्थेचं अध्यक्षपद रिकामं होतं, नाव पुढे आलं टेक्सासच्या मेल ब्रॅडफर्डचं, दक्षिणेचा अभिमानी, लिंकनचा कट्टर टीकाकार. आयर्विंग क्रिस्टल आणि बाकीच्या निओकन्झर्व्हेटिव्ह (आधी डावे-लिबरल, मग उजवीकडे आलेल्या) लोकांनी जोर लावला आणि पद गेलं विल्यम बेनेटकडे. वरवर बघता एका खुर्चीची गोष्ट, पण पेलिओकन्झर्व्हेटिव्ह (ब्रॅडफर्डसारख्या जुन्या वळणाच्या) मंडळींनी ही खुन्नस विसरायचं नावच घेतलं नाही, आणि १९९२ मध्ये पॅट ब्युकॅनन थोरल्या बुशविरुद्ध प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत) उतरला तेव्हा ही मंडळी त्याच्या मागे होती. याच्या आधी समतेवर ब्रॅडफर्ड विरुद्ध लिंकनचा कट्टर समर्थक हॅरी जाफा असा वाद झालाय तोही वाचा, लिंकन कोणाचा हा प्रश्न तिथे जेवढा पेटतो तेवढा कुठे नाही. आणि वंशाचा प्रश्न बाजूला ठेवून हा इतिहास लिहायचा मोह झाला तर नॅशनल रिव्ह्यूचं १९५७ चं दक्षिणेतल्या गोऱ्यांची बाजू घेणारं संपादकीय काढून वाचा. बकलीने म्हातारपणी आपलं चुकलं असं सांगितलं, पण ते फार उशिरा.

संस्थांचं म्हणाल तर वेबसाइटवरचं 'आमच्याविषयी' वाचण्यात वेळ घालवू नका, पैसा बघा. अशा ना-नफा संस्थांना दर वर्षी फॉर्म ९९० भरावा लागतो आणि तो कुणालाही बघता येतो, कोणत्या फाउंडेशनने कुणाला किती दिले, वरच्या लोकांचे पगार किती, सगळं. हेरिटेज फाउंडेशन हा उजव्यांचा थिंक टँक १९७३ मध्ये निघाला त्यामागे बिअरवाल्या जोसेफ कूर्सचा पैसा होता. उजव्या वकिलांची फेडरलिस्ट सोसायटी १९८२ ची, येल आणि शिकागोच्या लॉच्या पोरांनी सुरू केलेली, तिला उजव्या कामांना पैसा देणाऱ्या ऑलिन फाउंडेशनने हात दिला, आणि त्या ऑलिनने ठरवून सगळा पैसा संपवून २००५ मध्ये दुकान बंद केलं, नाहीतर संस्थापकाच्या मागे भलतेच लोक गादीवर बसले असते. नव्या सरकारने काय करावं हे सांगणारं हेरिटेजचं १९८१ चं 'मँडेट फॉर लीडरशिप' आणि २०२३ चं त्याच नावाचं प्रोजेक्ट २०२५ वालं शेजारी ठेवा, कुठे काय बदललं ते बघण्यात एक अख्खा सेमिनार पेपर निघतो.

करिअरच्या दृष्टीने एक अडचण आहे. हा विषय इतिहास आणि पोलिटिकल थिअरी यांच्या मध्ये लटकतो. अॅलन ब्रिंकलीने १९९४ मध्ये इतिहासकारांना सुनावलं की तुम्ही याच्याकडे दुर्लक्ष केलंत, त्यानंतर इतिहास विभागांत कामाचा पूर आला, थिअरीवाले मात्र अजून लिओ स्ट्रॉस या राजकीय तत्त्वज्ञाच्या पुढे जायला कुरकुरतात. तेव्हा गाइड निवडताना त्यांचे आधीचे विद्यार्थी कुठल्या विभागात लागले हे आधी विचारा. "भारतीय असून हे कशाला?" हा प्रश्न येणारच, त्यावर चिडायचं नाही, दोन वाक्यांचं उत्तर तयार ठेवायचं आणि पुढे जायचं. इंग्रजी ऐकायची सवय व्हायला बकलीचा टीव्हीवरचा चर्चेचा कार्यक्रम 'फायरिंग लाइन' (१९६६ ते १९९९) बघा, हूवर इन्स्टिट्यूशनने ढीगभर भाग यूट्यूबवर टाकलेत, त्याचे शब्द डोक्यावरून जातील पण समोरच्याला शेवटपर्यंत बोलू कसं द्यायचं ते कळेल.

आणि आजचं वाचायचं असेल तर २०१९ चा सोहराब अहमारी विरुद्ध डेव्हिड फ्रेंच (दोघेही उजवे लेखक) वाद घ्या, लायब्ररीतल्या ड्रॅग क्वीन कार्यक्रमावरून पेटलेला, सरकारी ताकद आपल्या नीतीसाठी वापरायची की नाही यावरचा. बोझेल आणि मेयरचे १९६२ चे लेख त्याच बैठकीत वाचा, बोझेल आधी.