दीपनगरच्या राखेपासून पक्की वीट

भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक वीज केंद्रातील राखेपासून विटा करायच्या असतील, तर आधी कोणती राख घ्यायची हे ठरवावे. कोळशाची भुकटी जळताना धुराबरोबर वर जाणारी आणि धुरांड्याच्या अलीकडे ईएसपी यंत्रात (विजेच्या भाराने धुरातील कण खेचून घेणाऱ्या यंत्रात) पकडली जाणारी कोरडी राख पिठासारखी बारीक असते. विटेसाठी तीच मागावी. पाण्याबरोबर राखबंधाऱ्यात सोडलेली राख जाडीभरडी असते, ती भरावाला चालते. राख काळपट दिसली, तर तिच्यात न जळलेला कोळसा अधिक असण्याची शक्यता असते. आयएस ३८१२ (भाग १) या भारतीय मानकानुसार जळणघट, म्हणजे राख तापवल्यावर जळून कमी होणारे वजन, ५ टक्क्यांच्या आत हवी.

चाचणीच्या पहिल्या घाण्यासाठी वजनाने ६० भाग राख, ३० भाग क्रशरची कच आणि १० भाग सिमेंट घ्यावे. सिमेंट शक्यतो ओपीसी (साधे पोर्टलँड सिमेंट) घ्यावे, कारण पीपीसीमध्ये (पोझोलाना सिमेंटमध्ये) १५ ते ३५ टक्के राख आधीच मिसळलेली असते. आधी कोरडे मिश्रण एकजीव करावे, मग पाणी थोडे थोडे घालावे. मुठीत दाबल्यावर गोळा टिकावा, पण बोटांतून पाणी सुटू नये. कोरडी राख हाताळताना मास्क लावावाच, कारण तिची बारीक धूळ फुप्फुसात जाते.

यंत्रावर दाबलेली वीट दुसऱ्या दिवशी कठीण लागते आणि नेमके तिथेच अनेकजण फसतात. सिमेंटमध्ये पाणी मुरताना चुना सुटतो, त्याच्याशी राखेतील सिलिका संयोग पावते आणि वीट बळकट होते. मात्र ही क्रिया अनेक आठवडे चालते आणि ओल संपली की थांबते. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४२ अंशांवर जातो, तेव्हा उघड्यावर रचलेली थप्पी दुपारपर्यंत कोरडी पडते. म्हणून विटा सावलीत रचून ओल्या गोणपाटाने झाकाव्यात आणि किमान १४ दिवस, उन्हाळ्यात २१ दिवस, सकाळ-संध्याकाळ पाणी मारावे. पाण्याची सोय नसेल, तर उन्हाळ्यात उत्पादन बंद ठेवणेच मला योग्य वाटते.

माल देण्यापूर्वी काही विटा ओव्हनमध्ये सुकवून तोलाव्यात, २४ तास पाण्यात बुडवून पुन्हा तोलाव्यात. ३ किलोची वीट ३.६ किलोच्या वर गेली, म्हणजेच तिने २० टक्क्यांहून अधिक पाणी शोषले, तर तो घाणा बाजूला काढावा.