इंजिनचं काम झालं, तरी पेट्रोल येईना? पद्मिनीवाल्यांनो, या चुका टाळा

नवे पिस्टन-रिंग, नवी बेअरिंग, हेडचं पॅकिंग, सगळं होऊन गाडी घरी येते. सुरू होते, सपाटीला छान पळते आणि चढ लागला की आचके देत बंद पडते. दहा मिनिटांनी पुन्हा सुरू! प्रीमियर पद्मिनीचं हे नेहमीचं दुखणं. १०८९ सीसीचं हे इंजिन मुळात साधं आहे, पण काम करताना ज्या वस्तू नुसत्या काढून पुन्हा लावल्या जातात, घोळ बहुतेकदा तिथेच होतो.

पहिली चूक म्हणजे थेट कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) खोलणे. ‘कचरा आलाय’ म्हणत जेट, म्हणजे त्यातली बारीक भोकं, फुंकत बसण्याआधी कार्ब्युरेटरकडे येणारा पाइप काढा, त्याचं तोंड पारदर्शक बाटलीत सोडा, ठिणगी पडू नये म्हणून कॉइलची वायर काढून ठेवा आणि थंड इंजिनला सेल्फ मारा. ठरावीक लयीत जोरदार पिचकाऱ्या आल्या तर टाकीतून पेट्रोल ओढणारा इंजिनवरचा पंप आणि तिथपर्यंतचा मार्ग ठीक आहे. नुसती धार ठिबकली किंवा बुडबुडे आले तर कार्ब्युरेटरला हात लावायचं कारण नाही.

बुडबुडे म्हणजे पंप कुठून तरी हवा ओढतोय. इथेच भलेभले फसतात, कारण टाकीपासून पंपापर्यंतची बाजू ओढीची असते. तिथे चीर असली तरी बाहेर थेंब दिसेलच असं नाही, उलट हवा आत जाते. पाइप कोरडा दिसतो म्हणून तो चांगला धरला जातो. खात्री करायची तर पंपाला नवा रबरी पाइप लावून त्याचं दुसरं टोक थेट पेट्रोलच्या छोट्या कॅनमध्ये सोडा. आता पिचकारी नीट आली, तर दोष मागे आहे: चिरलेला पाइप, सैल क्लिप, तुंबलेली जाळी, गंजलेली टाकी. टाकीचं झाकण उघडताना ‘सूं’ असा हवा आत ओढल्याचा आवाज आला तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुनं रबर फुगतं, मऊ पडतं. पाइप बदलायचाच तर इथेनॉलला टिकणारा घ्या.

कॅनमधूनही पेट्रोल उचललं नाही तर पंप. इंजिनमधल्या कॅमशाफ्ट या फिरत्या दांड्यावरचा उंचवटा पंपाची दांडी हलवतो, म्हणून पंपाखालचं पॅकिंग मूळ जाडीचंच हवं. जाड झालं तर दांडीचा फेरा अपुरा पडतो. पातळ झालं तर ती सतत दाबली जाते आणि झिजते. पंप बसवताना इंजिन हाताने फिरवून उंचवटा दांडीपासून दूर आणा, नाहीतर बोल्ट आवळतानाच ती वाकते.

पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला लवचीक पडदा, फाटला असेल तर गोष्ट गंभीर आहे. पेट्रोल खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा भपकारा आला, किंवा पातळी भरली होती त्याहून वर दिसली, तर गाडी सुरूच करू नका. पातळ झालेलं ऑइल ताज्या बेअरिंगची वाट लावतं, म्हणजे पुन्हा पूर्ण इंजिनचा खर्च. डायफ्राम बदला, ऑइल आणि फिल्टर बदला, मगच सेल्फ.

यावर उपाय म्हणून कुणी इलेक्ट्रिक पंप सुचवतं. जास्त दाबाचा पंप लावला तर कार्ब्युरेटरमध्ये येणारं पेट्रोल थांबवणारी सुई तो दाब रोखू शकत नाही, पेट्रोल वरून वाहतं आणि खाली गरम एक्झॉस्ट असतो. बाटलीने कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल ओतत सेल्फ मारायची सवयही तशीच जीवघेणी. एक बॅकफायर, म्हणजे कार्ब्युरेटरमधून उलटा आलेला भडका, पुरे.

पॅकिंगच्या जोडीला सिलिकॉन थापणारे कारागीर बरेच. साधं सिलिकॉन पेट्रोलमध्ये टिकत नाही. त्याचे तुकडे सुटून जेटमध्ये अडकतात.

गाडी फक्त गरम झाल्यावरच दगा देत असेल, तर कार्ब्युरेटरखालचा उष्णतारोधक तुकडा परत बसवलाय का, पाइप एक्झॉस्टला खेटून तर जात नाही ना, ते बघा. पण गरम झाल्यावर ठिणगीच्या यंत्रणेतला कंडेन्सरही असाच गंडवतो, हुबेहूब पेट्रोल संपल्यासारखा. बाटलीत पिचकाऱ्या जोरदार येत असूनही गाडी बंद पडत असेल, तर पेट्रोलचा नाद सोडा आणि डेल्कोचं (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं) झाकण उघडा: पॉइंटमधली फट, कंडेन्सर, सिलिंडरना ठिणगी मिळण्याचा १-३-४-२ हा क्रम तपासा.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून कायमची हटली. हा पंप रोज हाताळणारे हातही आता कमी झालेत. म्हणून गाडी कारागिराकडे सोडताना पंपाचं जुनं पॅकिंग आणि कार्ब्युरेटरखालचा तुकडा फेकू नका, असं आधीच सांगा. नवं पॅकिंग कापताना जाडीचं माप त्यांच्यावरूनच घ्यावं लागतं.