शेळीच्या लेंड्यांतील जंतांची अंडी कशी मोजावीत

शेळीला जंत झाले आहेत की नाहीत, हे तिच्या अंगावरच्या केसांची चमक पाहून छातीठोकपणे सांगणारी माणसे प्रत्येक आठवडी बाजारात भेटतात, आणि त्यांच्या शब्दावर विसंबून दर तीन महिन्यांनी सगळ्या कळपाला एकच जंतनाशक पाजणारे शेळीपालकही तितकेच भेटतात. पाजलेल्या औषधाने जंत खरोखर मेले का, हे मात्र सहसा कोणी तपासत नाही. ते तपासण्याची पद्धत जुनी आणि स्वस्त आहे. सिडनी येथील मॅकमास्टर प्रयोगशाळेत काम करणाऱ्या गॉर्डन आणि व्हिटलॉक यांनी ती १९३९ मध्ये मेंढ्यांसाठी मांडली आणि तिच्यात फारसा बदल न करता आजही ती जगभर वापरली जाते. तालुक्याच्या ठिकाणी एका लहान प्रयोगशाळेत मी ती अनेक वर्षे करत आलो आहे. पशुधन पर्यवेक्षक, विद्यार्थी आणि स्वतःचा सूक्ष्मदर्शक घेण्याइतकी हौस असलेले शेळीपालक यांच्यासाठी हे लिहीत आहे.

साहित्यात मॅकमास्टर स्लाइड (जाळी कोरलेले दोन कप्पे असलेली काचपट्टी), दहा पट भिंग असलेला साधा सूक्ष्मदर्शक, ग्रॅमचा दशांश दाखवणारा वजनकाटा, १०० मिलीचे मोजपात्र, चहाची गाळणी, खल, ड्रॉपर आणि मीठ एवढेच लागते. हातमोजे घालायचे असतात, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी.

नमुना

लेंड्या थेट गुदद्वारातून, बोटाने, प्रत्येक शेळीच्या वेगळ्या घ्याव्यात. गोठ्यातल्या जमिनीवरून उचललेल्या लेंड्यांत मातीतले मुक्त जीवन जगणारे सूक्ष्म कृमी शिरतात आणि कोणती लेंडी कोणत्या शेळीची हेही कळत नाही. पिशवीतली हवा दाबून काढावी, पिशवीवर शेळीचा क्रमांक लिहावा आणि नमुना बर्फाच्या डब्यातून आणून फ्रिजमध्ये ठेवावा. तो फ्रीझरमध्ये मात्र ठेवू नये, कारण गोठल्याने अंडी फुटतात. उबेत ठेवलेल्या नमुन्यातील गोलकृमींची अंडी एका दिवसात उबून अळ्या बाहेर पडू शकतात, आणि मग मोजायला अंडीच उरत नाहीत. मोटारसायकलच्या डिकीत दुपारभर राहिलेला नमुना मी परत पाठवतो.

द्रावण: इथेच सगळे बिघडते

या पद्धतीचे तत्त्व एवढेच आहे की अंडी पाण्याहून जड आणि मिठाच्या संपृक्त (ज्यात आणखी मीठ विरघळत नाही अशा) द्रावणाहून हलकी असतात. त्यामुळे मिठाच्या पाण्यात ती वर येऊन काचेच्या खालच्या पृष्ठभागाला टेकतात आणि चोथा बराचसा तळाशी राहतो. संपृक्त द्रावणाचे विशिष्ट गुरुत्व १.२० च्या आसपास असते, म्हणजे ते तेवढ्याच पाण्याच्या १.२० पट जड असते. पुस्तकात हे एका ओळीत येते आणि शिकवणारेही ते एका ओळीतच सांगून पुढे जातात, म्हणून माझी जी फजिती झाली ती सविस्तर सांगतो.

सुरुवातीच्या काळात एका पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये, एका शेळीपालकाने सहा उस्मानाबादी शेळ्यांचे नमुने आणले. शेळ्या अशक्त झाल्या होत्या आणि दोघींच्या जबड्याखाली पाणी साठून सूज आली होती. मी सहाही नमुने तपासले आणि सहाही कागदांवर ‘अंडी आढळली नाहीत’ असे लिहून दिले. शेळीपालकाने साहजिकच जंतनाशक पाजले नाही. दहा-बारा दिवसांनी त्यांतली एक शेळी मेली आणि शवविच्छेदनात तिच्या पोटाचा चौथा कप्पा उघडला, तेव्हा आतल्या अस्तरावर हिमॉन्कस या रक्त पिणाऱ्या गोलकृमीचे जंत वळवळत होते. मादीच्या अंगात रक्ताने भरलेले आतडे आणि पांढरे अंडाशय एकमेकांभोवती पिळलेले असतात, त्यामुळे लाल-पांढऱ्या पिळाच्या दोऱ्यासारखी दिसणारी ती मादी नुसत्या डोळ्यांनीही ओळखू येते. अशी एक मादी दिवसाला ५,००० ते १०,००० अंडी घालते. म्हणजे त्या लेंड्यांत अंडी खच्चून भरलेली असणार होती, आणि मला एकही दिसले नव्हते.

परत येऊन मी द्रावणाची बाटली तपासली. तळाशी मिठाचा थर होता आणि तळाशी मीठ शिल्लक आहे म्हणजे द्रावण संपृक्त झाले, असे मी धरून चाललो होतो. ही समजूत चुकीची आहे, आणि ती आजही अनेकांची आहे. मीठ नुसते टाकून न ढवळता ठेवले, तर तळाजवळ दाट खारे पाणी तयार होते आणि वरचे पाणी बराच काळ पातळच राहते. मी रोज वरचेच पाणी ओतून घेत होतो. त्या वरच्या पाण्याचे १०० मिली मोजून वजन केले, तेव्हा ते १०६ ग्रॅम भरले. गोलकृमींची अंडी जवळपास तेवढ्याच घनतेची असतात. अशा द्रावणात ती वर न येता मध्येच लोंबकळत राहतात, आणि मी काचेखालच्या थरात शोधत होतो तेव्हा ती त्याच्या खाली होती.

तेव्हापासून माझी रीत ठरलेली आहे. एक लिटर पाणी गरम करावे आणि त्यात ४०० ग्रॅम मीठ थोडे थोडे घालत सतत ढवळावे. गरम पाण्यात मीठ फार जास्त विरघळते असे नाही, पण लवकर विरघळते. पावसाळ्यात मिठाने ओल धरलेली असते, त्यामुळे वाटीने मोजलेले मीठ प्रत्यक्षात कमी भरते. मीठ वजनानेच घ्यावे. द्रावण रात्रभर निवू द्यावे, सकाळी पुन्हा ढवळावे आणि वरचे नितळ पाणी दुसऱ्या बाटलीत गाळून घ्यावे. मग रिकामे मोजपात्र काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा, त्यात बरोबर १०० मिली द्रावण घ्यावे आणि वजन पाहावे. ते ११८ ते १२० ग्रॅम आले तरच ती बाटली वापरावी. हायड्रोमीटर असेल तर उत्तम, पण तो नाही म्हणून कोणी अडून बसू नये. अंडे किंवा बटाटा तरंगला म्हणजे द्रावण झाले, हा सल्ला मला अनुभवी म्हणवणाऱ्यांनीही दिला आहे. कोंबडीचे अंडे याहून कितीतरी पातळ खाऱ्या पाण्यावर तरंगते, तेव्हा हा सल्ला ऐकू नये.

दुसरी खात्री मला त्याहून महत्त्वाची वाटते. ज्या नमुन्यात अंडी आहेत हे आधीच माहीत आहे, असा एक नमुना फ्रिजमध्ये राखून ठेवावा आणि प्रत्येक नव्या बाटलीने सर्वप्रथम तो तपासावा. तो आठवड्याच्या आत बदलत राहावा, कारण थंडीतही अंडी कायम टिकत नाहीत. त्यात अंडी दिसली नाहीत, तर त्या दिवशी दुसऱ्या कोणाच्याही नमुन्याला हात लावू नये. ‘अंडी आढळली’ हा शेरा स्वतःची साक्ष स्वतः देतो, पण ‘अंडी आढळली नाहीत’ या शेऱ्यामागे आपले द्रावण अंडी तरंगवू शकते याचा पुरावा त्याच दिवसाचा असावा लागतो. तो नसेल तर त्या कागदाची किंमत कोऱ्या कागदापेक्षा कमी आहे, कारण कोरा कागद निदान कोणाला औषध पाजण्यापासून अडवत नाही.

स्लाइड भरणे

४ ग्रॅम लेंड्या खलात थोड्या द्रावणाबरोबर नीट चिरडाव्यात आणि एकूण ५६ मिली द्रावण होईपर्यंत उरलेले घालावे, म्हणजे सर्व मिळून सुमारे ६० मिली होते. मिश्रण गाळणीतून गाळून चोथा दाबून घ्यावा.

पुढचे अर्धे मिनिट घाईचे असते. द्रावण चांगले असेल तर अंडी लगेच वर चढू लागतात. म्हणून गाळलेले मिश्रण टेबलावर ठेवून मोबाइल पाहिला आणि मग वरवरचे पाणी ड्रॉपरमध्ये ओढले, तर आकडा फुगतो आणि तळाचे ओढले तर घटतो. एका हाताने ढवळत असतानाच दुसऱ्या हाताने मधल्या खोलीवरून ड्रॉपर भरावा आणि तो क्षणभरही उभा न धरता स्लाइडचा पहिला कप्पा भरावा. दुसऱ्या कप्प्यासाठी पुन्हा ढवळावे, पुन्हा भरावा. आत हवेचा मोठा बुडबुडा अडकला तर कप्पा रिकामा करून परत भरावा. बुडबुड्याने व्यापलेल्या जागेत अंडी नसतात आणि त्याचा हिशेब नंतर लावता येत नाही.

पाच मिनिटे थांबावे. अर्ध्या-पाऊण तासाच्या आत मोजणी संपवावी, कारण मिठात अंडी आकसतात आणि काचेच्या कडेला स्फटिक धरू लागतात.

पाहणे

नवशिके तळावर फोकस करतात आणि चोथा पाहत बसतात. आधी जाळीच्या कोरलेल्या रेघा स्पष्ट दिसतील असा फोकस लावावा. लहान बुडबुडे काळ्या कडेच्या गोल ठिपक्यांसारखे त्याच थरात दिसतात आणि अंडीही त्याच थरात असतात. एका रांगेतून खाली, पुढच्या रांगेतून वर, असे शेतात नांगर चालावा तसे पाहत जावे आणि फक्त रेघांच्या आतली अंडी मोजावीत.

गोलकृमींचे अंडे लंबगोल, पातळ कवचाचे असून आत पेशींचा पुंजका दिसतो आणि त्याची लांबी साधारण ७० ते ९० मायक्रॉन असते. चाबूककृमीचे अंडे तपकिरी आणि लिंबासारखे, दोन्ही टोकांना बूच लावलेले असते. मोनिएझिया या पट्टकृमीचे अंडे तिकोनी किंवा चौकोनी दिसते. कॉक्सिडिया या एकपेशीय परजीवींचे ऊसिस्ट (अंड्यांसारखे दिसणारे कोश) यांच्याहून बरेच लहान असतात. करडांच्या नमुन्यात ते खूप दिसले आणि करडे हगत असतील तर जंतनाशकाने काही होणार नाही, हे मालकाला स्पष्ट सांगावे. परागकण सर्वांना फसवतात. मलाही ते अधूनमधून फसवतात.

दोन्ही कप्प्यांतील जाळीखाली मिळून ०.३ मिली द्रावण असते, म्हणून एकूण मोजलेल्या अंड्यांना ५० ने गुणले की एका ग्रॅममधील अंडी मिळतात. पहिल्या कप्प्यात १७ आणि दुसऱ्यात २१ असतील, तर ३८ गुणिले ५० म्हणजे १,९००. एकही अंडे दिसले नाही याचा अर्थ ‘ग्रॅमला ५० पेक्षा कमी असावीत’ एवढाच होतो, आणि अहवालात तसेच लिहावे.

आकड्याचा अर्थ

हिमॉन्कस, ट्रायकोस्ट्राँगिलस आणि ईसोफॅगोस्टोमम या गोलकृमींची अंडी इतकी सारखी असतात की सूक्ष्मदर्शकाखाली नुसते पाहून ती वेगळी सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. जात कळायला लेंड्या उबेत आठवडाभर ठेवून अळ्या वाढवाव्या लागतात. शिवाय अंड्यांची संख्या म्हणजे जंतांची संख्या नव्हे. संसर्ग होऊन तीन आठवडे होईपर्यंत जंत रक्त पीत असतात पण अंडी घालत नाहीत. म्हणून आकड्याबरोबर शेळीची खालची पापणी ओढून आतला रंग पाहावा. दक्षिण आफ्रिकेत तयार झालेले फामाचा नावाचे पाच छटांचे रंगपत्रक यासाठीच आहे, आणि फिकट पडलेली पापणी व मोठा आकडा एकत्र आले की औषधासाठी थांबण्याचे कारण उरत नाही. पापणी लाल आणि आकडा लहान असलेल्या शेळीला मात्र सगळ्यांबरोबर औषध पाजण्याची गरज नसते.

औषध चालले का, हे पाहण्यासाठी त्याच शेळ्यांची मोजणी १० ते १४ दिवसांनी पुन्हा करावी. समजा, आधीची सरासरी १,४०० होती आणि नंतरची २१० आली, तर घट ८५ टक्के झाली. ९५ टक्क्यांहून कमी घट म्हणजे औषधाला न जुमानणारे जंत कळपात आहेत असा संशय घ्यावा, पण त्याआधी मात्रा शेळीच्या खऱ्या वजनावर दिली होती का, हे विचारावे. शेळीचे शरीर अनेक औषधे मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकते. मेंढीची मात्रा शेळीला देऊन औषधाला दोष देणे मी अनेकदा पाहिले आहे. मात्रा पशुवैद्यकानेच ठरवावी.

यकृतातल्या चपट्या कृमींची अंडी मिठाच्या पाण्यावर भरवशाने तरंगत नाहीत. तळ्याकाठी किंवा भातखाचरांत चरणाऱ्या जनावरांसाठी लेंड्या साध्या पाण्यात कालवून, गाळून, पाच-पाच मिनिटे बसू द्यावे आणि वरचे पाणी ओतून टाकत तीन-चारदा धुवावे. तळाच्या गाळात मिथिलिन ब्लूचा थेंब घातला की चोथा निळा होतो आणि फॅसिओला या चपट्या कृमीची सोनेरी अंडी उठून दिसतात.

माणसांच्या शौचातील अंकुशकृमीची अंडीही मिठाच्या पाण्यावर तरंगतात, पण तिथे मोजणीसाठी काटो-कात्झ पद्धत प्रचलित आहे आणि तिचा गुणक २४ आहे. त्या काचपट्टीवर अंकुशकृमीची अंडी तासाभरात विरून दिसेनाशी होतात, त्यामुळे आमच्यापेक्षा त्यांची घाई मोठी असते.

काम संपताच स्लाइड कोमट पाण्याखाली धरून कप्प्यांतले मीठ पूर्ण जाऊ द्यावे आणि ती उलटी ठेवून वाळवावी. आत स्फटिक धरले तर टाचणीने खरवडू नये, रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावी. माझ्या पहिल्या स्लाइडच्या जाळीवर टाचणीचे तीन ओरखडे आहेत आणि नवे विद्यार्थी अजूनही त्यांना अळ्या समजतात.