परदेशातून स्वस्तात गिटारचे सुटे भाग मागवताय? या चुका टाळा

नट (मानेच्या टोकाची, तारा टेकवायची खाचांची पट्टी), सॅडल (ब्रिजवरची तशीच पट्टी), फ्रेट वायर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची तार), ट्यूनिंग की (तारा ताणायच्या चाव्या), पॉट (आवाज कमी-जास्त करायच्या मुठीखालचा भाग) हे गिटारच्या दुरुस्तीचं सामान परदेशी विक्रेत्यांकडे इतक्या कमी किमतीत दिसतं की मागवण्याचा मोह होतोच. सामान वाईटच निघतं असं नाही, बरंचसं नीट चालतं. पैसे बुडतात ते मापात. आलेला भाग चांगला असतो, पण तुमच्या गिटारला बसत नाही. परत पाठवायचा खर्च वस्तूच्या किमतीपेक्षा जास्त, त्यामुळे ती तशीच खणात पडून राहते. म्हणून आधी व्हर्निअर (बारीक मापं घ्यायचं साधन) हातात घ्या, मग किमती बघा.

ट्यूनिंग कीपासून सुरुवात करू. आजच्या बंद डब्यासारख्या कींना हेडस्टॉकवर, म्हणजे मानेच्या टोकाच्या फळीवर, साधारण १० मिमीचं भोक लागतं. जुन्या पद्धतीच्या, वरून ठोकून बसवायच्या बुशिंगच्या (भोकातल्या धातूच्या कड्याच्या) कींना पावणेनऊच्या आसपास. भोक मोठं असेल तर ते लहान करणारे कन्व्हर्जन बुश मिळतात. लहान असेल तर रीमरने (भोक खरवडून मोठं करायच्या निमुळत्या हत्याराने) हळूहळू वाढवा. हँड ड्रिल घुसवलंत तर लाकूड चिरलंच म्हणून समजा. इलेक्ट्रिक गिटारच्या सहा स्क्रूंच्या ट्रेमोलो ब्रिजचंही (दांडीने हलवता येणाऱ्या ब्रिजचंही) तेच: टोकाच्या दोन स्क्रूंमधलं अंतर जुन्या अमेरिकी मापात ५६ मिमीच्या जवळ, तर अनेक आशियाई गिटारांत साडेबावन्न. फोटोत दोन्ही ब्रिज सारखेच दिसतात.

नट घेताना लोक फक्त लांबी बघतात. ४२, ४३, क्लासिकलला ५२ मिमी, झालं. पण पहिल्या आणि सहाव्या तारेच्या खाचांमधलं अंतर, नटची जाडी आणि बूड सपाट आहे की गोलाकार हेही जुळायला हवं. तयार खाचांचा नट घेण्यापेक्षा हाडाचा कोरा तुकडा घेऊन स्वतः खाचा पाडणं केव्हाही बरं. आणि गिटारला झिरो फ्रेट (नटला लागून असलेला जादा फ्रेट) असेल, तर तारांची उंची तो फ्रेट ठरवतो. नट फक्त तारांमधलं अंतर राखतो. तिथे महागडा नट लावून आवाजात फरक पडेल ही आशा सोडा.

सगळ्यात जास्त नुकसान मी फ्रेट वायरमध्ये होताना बघतो. जाहिरातीत ठळक अक्षरांत असते ती वरच्या गोलाईची रुंदी: २.४, २.७, २.९ मिमी. खरा प्रश्न खाली लाकडात जाणाऱ्या पात्याच्या जाडीचा असतो, म्हणजे टँगचा. फिंगरबोर्डवरची (मानेवरच्या, बोटं ठेवायच्या फळीवरची) खाच साधारण ०.५ ते ०.६ मिमीची असते. टँग त्याहून बराच जाड असेल तर प्रत्येक फ्रेट पाचरीसारखा लाकूड फाकवतो. अशा वीस-बावीस पाचरी बसल्या की मान मागे वाकते, आणि एकाच दिशेने काम करणारा ट्रस रॉड (मानेतली, वाक काढायची सळई) ती पुढे आणू शकत नाही. उलट टँग पातळ असेल तर फ्रेट बसल्यासारखा वाटतो आणि पावसाळ्यानंतर लाकूड सुकलं की टोकाकडून उचलला जातो. मग एकाच घरावर (दोन फ्रेटमधल्या जागेवर) तार खडखडते आणि दोष नटवर ढकलला जातो. मोटार स्पेअर पार्टच्या दुकानात फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांचा संच) मिळतं. जुना फ्रेट काढून, खाच साफ करून ते त्यात घाला. माप मिळाल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. विक्रेत्याने टँगचं माप दिलंच नसेल तर विचारा, आणि उत्तर आलं नाही तर दुसरा विक्रेता बघा.

धातूबद्दल एक गोष्ट. फ्रेट वायर बहुधा ज्या निकेल सिल्व्हरची असते, त्यात चांदी अजिबात नसते. तो तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू आहे. वायरीला लोहचुंबक लावून बघा. घट्ट चिकटला तर ते निकेल सिल्व्हर नाही, बहुधा मुलामा दिलेलं लोखंड आहे. स्टेनलेस वायर टिकाऊ खरी, पण साध्या कानशी आणि पक्कड ती भराभर खाते. घरी पहिल्यांदा फ्रेट बदलणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

हत्यारांतही फसगत आहे. ‘नट फाइल सेट’ (नटच्या खाचा पाडायच्या कानशी) म्हणून येणारी बारीक खरखरीत तारांची जुडी बहुतेक वेळा वेल्डिंग टॉर्चचं तोंड साफ करायची असते. तीच वेल्डिंगच्या दुकानात किरकोळ किमतीला मिळते. हलकासा फरक करायला चालते, पण कोऱ्या हाडात सरळ खाच पाडणं तिचं काम नाही.

काही सामान बाहेरून मागवायची गरजच नसते. हाडाचंच घ्या. उत्तर प्रदेशातल्या संभलला शिंग आणि हाडाच्या वस्तूंचा मोठा व्यवसाय आहे. कुठूनही घ्या, कोपरा कानशीने घासून वास घ्या. हाडाचा वास जळक्या केसांसारखा येतो, प्लास्टिकचा लगेच ओळखू येतो. शिसवी फिंगरबोर्डचं तर आणखी विचित्र आहे. दक्षिण भारतातलं शिसवी लाकूड जगभरचे गिटार बनवणारे वापरतात, आणि आपण त्याचा तुकडा परदेशातून मागवतो! शिसवी ज्या डालबर्जिया वंशातलं, त्याची झाडं २०१७ पासून साइट्स कराराखाली (दुर्मीळ वन्यजीव आणि वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली) आहेत. २०१९ मध्ये तयार वाद्यं आणि तयार भागांना सूट मिळाली, कच्च्या लाकडाला नाही. कागदपत्रांशिवाय आलेली फळी कस्टममध्ये अडकू शकते.

सरस, सुपरग्लू आणि लॅकर मागवण्याआधी पार्सल कसं येणार ते बघा. नायट्रोसेल्युलोज लॅकर ज्वलनशील आहे, टपालाने पाठवता येत नाही. सुपरग्लूवरही हवाई वाहतुकीत निर्बंध आहेत. विक्रेता वेष्टनावर भलतंच लिहून पाठवतो आणि पार्सल वाटेत जप्त होतं. लाकूडकामाचा चांगला पांढरा किंवा पिवळा ग्लू इथेच मिळतो. पॉलिशला चपडा लाख स्पिरिटमध्ये भिजवून लावा. जुन्या क्लासिकल गिटारांवर हेच फ्रेंच पॉलिश असतं, आणि मिरजेच्या सतारमेकरांकडेही लाखेचं पॉलिश चालत आलं आहे. पावसाळ्यात मात्र लावू नका. दमट हवेत थर पांढुरका पडतो.

किमतीचा हिशेब वस्तूवर थांबवू नका. सीमाशुल्क वस्तूची किंमत, वाहतूक आणि विमा धरून लागतं, वर आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) आणि कुरिअर कंपनीचं हाताळणी शुल्क. ‘गिफ्ट लिहून पाठवा’ हा सल्ला ऐकू नका. पाच हजारांपर्यंतच्या भेटवस्तूंची जकातमाफी डिसेंबर २०१९ मध्येच बंद झाली.

सामान आलं की लगेच तपासा, कारण तक्रारीची मुदत संपली की काही करता येत नाही. पॉट आधी मल्टिमीटरवर मोजा: ५०० किलोओहमच्या पॉटमध्ये २० टक्के कमी-जास्त धरलं तर ४०० ते ६०० चालतात, त्याबाहेरचे परत. पॉटवरचं ‘ए’ म्हणजे लॉग (कानाला समान वाटेल असा बदल), ‘बी’ म्हणजे लिनिअर (फिरवाल त्याच प्रमाणात बदल). आवाजासाठी लिनिअर पॉट लावला तर मुठीच्या शेवटच्या थोड्याशा फिरण्यात सगळा आवाज खाली येतो. मूठ बसते का तेही बघा, कारण शाफ्टचे (मूठ बसते त्या दांड्याचे) दाते काहींना २४, काहींना १८ असतात. असे पॉट पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला चाचपून घेता येतात.