ए१ वाचलं, बी२ वाचलंच नाही: पेटंटच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

पेटंट शोधण्याच्या कामात मला तीन महिने झाले होते, तेव्हा मी लिहिलेल्या एका अहवालामुळे एका टीमचे सहा आठवडे वाया गेले. त्याला बरीच वर्षं झाली, तरी पेटंटच्या कागदाच्या कोपऱ्यात ‘ए१’ हा कोड दिसला की आजही माझा हात थांबतो. तुमचं शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचं असो की मायक्रोबायोलॉजीचं, या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण एवढा भाग नीट वाचा.

बंपरमध्ये बसणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर होता. त्याच्या पडद्यावर बर्फ साचू नये म्हणून मागे एक छोटा हीटर. हे उत्पादन कुणाच्या पेटंटचं उल्लंघन करतं का, एवढंच मला पाहायचं होतं. एक कागद सापडला. त्यातला पहिला क्लेम, म्हणजे नेमक्या कशावर हक्क मागितलाय ते सांगणारं वाक्य, साधारण असा: वाहनाच्या बाहेरच्या बाजूला बसवलेला सेन्सर, त्याला लागून हीटर, आणि तो हीटर चालू-बंद करणारा कंट्रोलर. तिन्ही गोष्टी आमच्याकडे होत्या. मी अहवालात ठळक अक्षरांत ‘थेट उल्लंघन’ असं लिहून दिलं. डिझाइनच्या लोकांनी हीटर काढला, केसिंगचा आकार बदलला, साच्याचं काम थांबवलं.

मी वाचलेला कागद होता ए१, म्हणजे प्रकाशित झालेला अर्ज. त्याच अर्जावर पुढे मंजूर झालेलं पेटंट, म्हणजे बी२, मी उघडलंच नव्हतं. मंजूर क्लेममध्ये एक ओळ वाढलेली होती: सेन्सरचा पडदा कंप पावून शांत व्हायला किती वेळ घेतो त्यावरून कंट्रोलरने बर्फ ओळखायचा आणि मगच हीटर चालू करायचा. आमचा हीटर फक्त बाहेरच्या तापमानावर चालायचा. क्लेममधला प्रत्येक घटक उत्पादनात असला तरच शब्दशः उल्लंघन होतं. एक घटक नसला की नाही. समतुल्य घटकाचा, म्हणजे नेमका तोच नसला तरी तेच काम करणाऱ्या घटकाचा, वाद वेगळा, तो वकिलांनी पाहायचा. पण माझं ‘थेट उल्लंघन’ हे विधान साफ चूक होतं.

हे असं का होतं ते समजून घ्या, नाहीतर नियम पाठ करूनही चुकाल. अर्ज करणारा सुरुवातीला शक्य तेवढं रुंद मागतो. मागण्यात काही गैर नाही. सर्वात जुन्या प्रायॉरिटी तारखेपासून, म्हणजे त्या शोधाचा पहिला अर्ज दाखल झाला त्या तारखेपासून, साधारण १८ महिन्यांनी तो अर्ज जसाच्या तसा प्रकाशित होतो. पेटंट कार्यालयातल्या परीक्षकाशी खरी झटापट बहुतेक वेळा त्यानंतर सुरू होते. परीक्षक आधीचे कागद दाखवतो, अर्जदार क्लेम अरुंद करतो, कधी दोनदा, कधी पाचदा. शेवटी जे उरतं तेवढाच हक्क. ए१ म्हणजे मागणी, बी२ म्हणजे मिळालेलं. मी मागणीलाच हक्क समजून बसले होते.

आता गुंता इथे आहे: या कोडचा अर्थ देशागणिक बदलतो. अमेरिकेत बी१ म्हणजे आधी प्रकाशित न होता थेट मंजूर झालेलं पेटंट, आणि बी२ म्हणजे आधी प्रकाशित होऊन मग मंजूर झालेलं. युरोपात बी१ म्हणजे मंजूर पेटंट, आणि बी२ म्हणजे कुणी विरोध नोंदवल्यावर दुरुस्त होऊन पुन्हा छापलेलं. तेच अक्षर, तोच आकडा, अर्थ वेगळा. त्यातही २००१ च्या आधीच्या अमेरिकी मंजूर पेटंटांना डेटाबेसमध्ये नुसतं ‘ए’ लावलेलं असतं, कारण तेव्हा तिथे प्रलंबित अर्ज प्रकाशितच होत नसत. म्हणून ‘ए दिसलं म्हणजे अर्ज’ हा नियमही चालत नाही. आधी देश पाहा, मग वर्ष पाहा, मग अक्षर वाचा.

म्हणून ए१ निरुपयोगी, असंही समजू नका. ही दुसऱ्या बाजूची चूकही मी नंतर करून बसले. एखादी कल्पना नवी आहे का हे तपासताना ए१ चं पानन् पान मोलाचं असतं, आकृतीखालची ओळसुद्धा. तिथे क्लेम किती रुंद याला महत्त्व नाही, कागदात काय उघड केलंय आणि कधी, याला आहे. उल्लंघन तपासताना मात्र मंजूर क्लेम आणि पेटंट जिवंत आहे की नाही, हेच पाहायचं. अमेरिकेत मंजुरीनंतर साडेतीन, साडेसात आणि साडेअकरा वर्षांच्या टप्प्यांवर फी भरावी लागते. ती चुकली तर पेटंट मरतं, पण पीडीएफ जशी होती तशीच दिसते. आणि अर्ज अजून प्रलंबित असेल तर ‘धोका नाही’ असं न लिहिता ‘लक्ष ठेवा’ असं लिहा.

जॉन हेट्रिक यांचं १९५३ चं अमेरिकी पेटंट, क्रमांक २६४९३११, मी नव्या मुलांना सगळ्यात आधी वाचायला देते. वाहनाचा वेग एकदम घटला की स्प्रिंगने धरलेलं वजन सरकतं, व्हॉल्व्ह उघडतो आणि दाबाखालची हवा उशीत शिरते. आजच्या एअरबॅगचा पूर्वज. एअरबॅग गाड्यांत सर्रास दिसू लागण्याआधीच या पेटंटची मुदत संपली होती. आज त्याचा हक्क शून्य, पण आधीचा पुरावा म्हणून ते कायम उभं आहे. एकाच कागदाची ही दोन रूपं एकदा डोक्यात बसली की अर्धं काम सोपं होतं.

आता कागद शोधायचे कसे, तेही थोडं. उदाहरण स्विचचं, पण त्याबद्दल फार सांगत नाही. ‘स्विच’ हा शब्द टाकून शोधू नका, एवढंच. नेटवर्कचा स्विच येतो, ट्रान्झिस्टर येतो, रेल्वेचा सांधा येतो. पेटंटच्या वर्गीकरणातून, म्हणजे विषयवार ठरलेल्या कोडमधून जा. हाताने दाबायचे, संपर्क जुळवणारे-तोडणारे स्विच एच०१एच मध्ये असतात, इलेक्ट्रॉनिक स्विचिंग एच०३के १७ मध्ये, आणि स्पर्शाने चालणारे त्यातच १७/९६ खाली. वाहनांच्या सेन्सरसाठी जी०१एस १३/९३१ रडार, १५/९३१ अल्ट्रासॉनिक, १७/९३१ लिडार, म्हणजे लेझरने अंतर मोजणारा. हे आकडे आठवडाभरात हाताला बसतात. पाठ करायला वेळ घालवू नका.

जिवाणू वापरून करायच्या उपचारांच्या पेटंटांवर काम मिळालं तेव्हा मी घाबरले होते, कारण माझं शिक्षण विजेचं. पण क्लेम वाचायची पद्धत तीच, फक्त नावं बदलतात. ती अक्षरशः बदलतात. २०२० मध्ये लॅक्टोबॅसिलस या एका प्रजातीचे (जीनसचे) २५ प्रजातींत तुकडे झाले. लॅक्टोबॅसिलस रॅम्नोससचं लॅक्टिकेसिबॅसिलस रॅम्नोसस झालं, रॉयटेरीचं लिमोसिलॅक्टोबॅसिलस रॉयटेरी. त्याआधी क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलचं क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल झालं होतं. फक्त नव्या नावाने शोधाल तर जुने कागद निसटतात, फक्त जुन्या नावाने शोधाल तर नवे. दोन्ही नावं घ्या, सोबत ए६१के ३५/७४ हा वर्ग घ्या.

या क्षेत्रातला दुसरा महत्त्वाचा भाग म्हणजे ठेव. जिवाणूचं वर्णन शब्दांत पुरेसं करता येत नाही, म्हणून तो मान्यताप्राप्त संग्रहात ठेवतात आणि ठेव क्रमांक क्लेममध्ये येतो. १९७७ च्या बुडापेस्ट करारानुसार एका ठिकाणी ठेवलेला नमुना सर्व सदस्य देशांत चालतो आणि तो किमान ३० वर्षं सांभाळावा लागतो. क्लेम ठेव क्रमांकाला बांधलेला असेल तर हक्क फार अरुंद असतो. मथळ्यात ‘आतड्याच्या आजारावर जिवाणू’ असं वाचून दचकू नका, खाली क्रमांक आहे का पाहा.

इथेही तोच सापळा, आणखी खोल. युरोपात माणसावर उपचार करण्याच्या पद्धतीवर पेटंट मिळत नाही, म्हणून तिथे ‘अमुक आजारात वापरण्यासाठी मिश्रण’ अशी रचना दिसते. अमेरिकेत उपचाराच्या पद्धतीवर क्लेम घेता येतो. एकाच कुटुंबातल्या, म्हणजे एकाच शोधावर वेगवेगळ्या देशांत घेतलेल्या, दोन पेटंटांचे क्लेम त्यामुळे वेगळे निघतात. एका देशातलं वाचून दुसऱ्याबद्दल मत देऊ नका. कधीच नाही.

शास्त्रज्ञ आनंद मोहन चक्रवर्तींचा खटला सगळे ‘जिवंत गोष्टीला पेटंट’ या एका वाक्यात सांगतात. मला त्यात क्लेमच दिसतात. कच्च्या तेलाचे घटक खाणाऱ्या त्यांच्या जिवाणूवरच्या १९७२ च्या अर्जात तीन प्रकारचे क्लेम होते: जिवाणू बनवण्याची पद्धत, पेंढ्यासारख्या तरंगत्या वाहकासह जिवाणू, आणि जिवाणू स्वतः. पहिले दोन परीक्षकाने मान्य केले होते. १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ५ विरुद्ध ४ असा निकाल त्यांच्या बाजूने लागला तो फक्त तिसऱ्यावर. त्याच न्यायालयाने १९४८ मध्ये फंक ब्रदर्स खटल्यात एकमेकांना मारक न ठरणाऱ्या रायझोबियम जिवाणूंच्या मिश्रणाला पेटंट नाकारलं होतं, कारण प्रत्येक जिवाणू निसर्गात करत होता तेच मिश्रणातही करत होता. आज जिवाणूंच्या मिश्रणांवरचे क्लेम वाचताना मी आधी हेच विचारते: एकत्र आल्यावर नवं काय घडलं?

आता थोडं स्पष्ट बोलते. पेटंटचा सारांश काढून देणारी साधनं पहिली दोन वर्षं वापरू नका. सारांश बहुतेक वेळा पेटंटसोबत छापलेल्या छोट्या गोषवाऱ्यावरून होतो आणि गोषवाऱ्याला हक्काच्या दृष्टीने काही किंमत नाही. प्रमाणपत्रांमागेही धावू नका. एका पेटंटची फाइल हिस्टरी, म्हणजे परीक्षक आणि अर्जदार यांचा सगळा पत्रव्यवहार, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलीत तर महिन्याभराच्या कोर्सपेक्षा जास्त शिकाल. युरोपियन पेटंट रजिस्टरवर ती फुकट मिळते. मार्गदर्शक निवडायची संधी असेल तर ‘छान झालंय’ म्हणणारा नको. माझ्या त्या अहवालावर ज्या बाईंनी सही करायला नकार द्यायला हवा होता, त्या तेव्हा रजेवर होत्या. ज्यांनी सही केली ते फार गोड बोलायचे.

आणि हो, तुमच्याही हातून चूक होईल. माझी चूक बाईंनी परतल्यावर दहा मिनिटांत पकडली. मला खोलीत बोलावून त्या ओरडल्या नाहीत. ए१ आणि बी२ शेजारी ठेवले, हातात पेन्सिल दिली आणि दोन्हींतला फरक अधोरेखित करायला सांगितला. तो कागद मी ठेवून दिलाय. नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी एखादी अशीच जोडी देते, मंजूर झालेल्या कुठल्याही सेन्सरची, आणि फक्त पेन्सिल.